मोजक्या सामग्रीनिशी

जुना संगणक ‘गेला’ असे आपण म्हणतो, त्या वेळी तो खरोखर गेलेला असतोच असे नाही. पुष्कळदा तो नुसता अडलेला असतो. आणि ह्या अडण्याचे मूळ त्याच्या झिजलेल्या धातूत नसून, इतक्या वर्षांत एकामागून एक त्याच्या गळ्यात पडत गेलेल्या जबाबदाऱ्यांत असते. प्रिंटर घेतला, त्याबरोबरच्या सीडीने शाई किती उरली हे पाहणारा एक प्रोग्रॅम मागे ठेवला; स्कॅनर आला, त्याने आपला एक पहारेकरी बसविला; मोबाइलमधली छायाचित्रे उतरवून घ्यावयाची म्हणून एक, पीडीएफ वाचावयाची म्हणून एक, आणि ह्या सर्वांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या की काय, याची घडोघडी चौकशी करणारे आणखी चार. वस्तू मोडीत निघाल्या तरी त्यांचे हे हस्तक जागचे हलत नाहीत. यंत्राचे बटण दाबले, की कोणी न बोलावता ते कामावर रुजू होतात, आणि मालकाला आपली एक साधी फाइल उघडावयाची असते, तेव्हा तो यांच्या रांगेत सर्वांत मागे उभा असतो.

अशा संगणकाचा दोष हुडकून काढण्याची एक जुनी, निर्मळ आणि माझ्या मते अजूनही सर्वांत विश्वासार्ह अशी रीत आहे. त्याला अगदी मोजक्या सामग्रीनिशी सुरू करावयाचे, तो कसा वागतो हे पाहावयाचे, आणि मग काढून घेतलेले एकेक हिशेबाने परत द्यावयाचे. वैद्य लंघन सांगतो ते उपचार म्हणून. येथले लंघन निदानासाठी आहे, हा भेद आरंभीच ध्यानात ठेवावा, कारण तो विसरल्यामुळेच पुष्कळ लोक अर्ध्या वाटेवर निराश होतात.

ही रीत मला पुरती उमगली ती एका तालुक्याच्या गावी, लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि वर्षातून एक दिवाळी अंक छापणाऱ्या छापखान्यात. संगणक विंडोज एक्सपीचा. मेमरी ५१२ एमबी, हार्ड डिस्क ८० जीबीची. ह्या प्रणालीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली, तरी ती येथे राहिली होती, आणि त्याला सबळ कारण होते. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते खरे; परंतु मराठी छापखान्यांचा सारा कारभार ज्या पेजमेकरवर चाले, त्याला ती देवनागरी जुळविता येत नसे, म्हणून रोमन अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले फॉन्ट सर्वत्र रूढ झाले. अशा फॉन्टात जुळविलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला, तर कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थशून्य पसारा दिसतो. छापखान्याच्या मालकांची (सारे गाव त्यांना अण्णा म्हणते) वीस वर्षांची अक्षरजुळणी त्या एका पेटीत होती, आणि फॉन्टाचा प्रोग्रॅम पेटीच्या पाठीमागे खोचलेल्या डोंगलवाचून उघडत नसे.

तक्रार अशी होती, की सकाळी बटण दाबले तर कामाचा पडदा नीट दिसू लागेपर्यंत दहा-दहा मिनिटे जात. त्यानंतरही माऊसचा बाण फिरे, पण ज्यावर टिचकी मारावी ते उघडत नसे, आणि पेटीच्या दर्शनी बाजूचा, हार्ड डिस्कचे काम चालू असल्याची खूण देणारा तांबडा दिवा एकदा लागला की विझतच नसे. गावातल्या दोघा जाणत्यांनी एकच सल्ला दिला होता: फॉरमॅट मारा. हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो, आणि त्याविषयी माझी तीव्र हरकत आहे. एका नोंदीतली चूक सापडत नाही म्हणून सगळे दप्तर जाळून कोऱ्या वह्या आणण्यासारखेच ते आहे. अण्णांच्या फॉन्टाची मूळ सीडी ओरखड्यांनी निकामी झालेली, डोंगलचा ड्रायव्हर पुन्हा मिळण्याची शाश्वती नाही. आणि समजा सर्व काही परत बसविताही आले असते, तरी चूक कोठे होती हे कोणालाच न कळल्यामुळे, तेच प्रोग्रॅम पुन्हा बसले की तीच पीडा पुन्हा उभी राहिली असती.

मोजकी सामग्री म्हणजे काय, हे कळावयाचे तर संगणक जागा कसा होतो हे थोडक्यात पाहिले पाहिजे. बटण दाबताच मदरबोर्डावरील बायॉस हा छोटा, कायमचा कोरलेला प्रोग्रॅम आधी घरचीच हजेरी घेतो: मेमरी आहे काय, कीबोर्ड आहे काय, पडदा दाखविणारे कार्ड आहे काय. हजेरी पुरी भरली की पुष्कळ यंत्रे एकदाच ‘बीप’ करतात. मग हार्ड डिस्कवरील अगदी पहिला, अवघ्या ५१२ बाइटांचा कप्पा वाचला जातो. त्यातली सूचना पुढच्या, किंचित मोठ्या प्रोग्रॅमला उठविते, तो विंडोजच्या गाभ्याला उठवितो, गाभा ड्रायव्हरांना, म्हणजे पडदा, आवाज, छपाई अशा एकेका अवयवाशी बोलणाऱ्या दुभाष्यांना, कामाला लावतो. त्यानंतर पडद्याआड चालणाऱ्या सेवा, ज्यांना विंडोजमध्ये सर्व्हिस म्हणतात, त्या उठतात. आणि सर्वांत शेवटी, मालक आत आल्यावर, घड्याळाजवळच्या कोपऱ्यात चिन्हे मांडून बसणारे स्टार्टअपचे प्रोग्रॅम येतात. प्रत्येक थर आपल्या खालच्या थरावर पूर्ण विसंबून असतो. वरचा थर काढून घेतला तर खालचा उभा राहतो. खालचा ढासळला तर वरचा उभा राहूच शकत नाही. दोषाच्या शोधाला जी काही दिशा मिळते, ती ह्या एकाच गोष्टीमुळे.

वरचे थर काढून ठेवण्याची सोय मुद्दाम करून द्यावी, हे संगणक बनविणाऱ्यांनाही अनुभवानेच सुचले. एमएस-डॉसच्या काळात प्रोग्रॅमांना हक्काची मेमरी मिळे ती ६४० केबी, आणि तीत कोणी कोणत्या क्रमाने बसावे हे कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट ह्या दोन फायलींत ओळीने लिहिलेले असे. एखादी ओळ चुकली की यंत्र सुरूच होत नसे, आणि ते सुरू होत नसल्यामुळे ती ओळ दुरुस्तही करता येत नसे. ह्या कोंडीतून सुटण्याची वाट १९९३ सालच्या एमएस-डॉस ६ ने दिली: आरंभीची ओळ पडद्यावर उमटताच एफ ५ दाबले, तर त्या दोन्ही फायली अजिबात वगळल्या जात, एफ ८ दाबले, तर यंत्र एकेक ओळ पुढे ठेवून ‘हिचा अंमल करू काय?’ असे विचारी. त्याच सुमारास ॲपलच्या मॅकिंटॉशवर, सुरू होताना पडद्याच्या तळाशी एक्स्टेन्शन नावाच्या जोडप्रोग्रॅमांची चिन्हे एकापुढे एक उमटत जात, आणि त्यांपैकी कोणी घोटाळा करीत असेल तर शिफ्टची कळ दाबून धरली, की त्या सर्वांना त्या वेळेपुरती रजा मिळे. विंडोज ९५ने ह्याच कल्पनेला ‘सेफ मोड’ हे नाव दिले, आणि ते नाव आज तीस वर्षांनंतरही टिकून आहे.

अण्णांच्या छापखान्यात आम्ही पहिल्याने तेच केले. येथे एक लहानशी अडचण येते, ती सांगून ठेवतो: काही जुन्या यंत्रांवर यूएसबीचा कीबोर्ड विंडोज उठल्यावरच ओळखला जातो, आणि एफ ८ ची कळ तर त्याआधी दाबावयाची असते; म्हणून जांभळ्या गोल तोंडाचा जुना कीबोर्ड हाताशी असावा. बटण दाबले, बायॉसचा पडदा सरकताच एफ ८ वर टिचक्या मारीत राहिलो, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची यादी आली. तिच्यातले ‘सेफ मोड’ निवडले. ड्रायव्हरांची नावे ओळीओळीने झरझर वर गेली, आणि दोन मिनिटांत चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ अशी अक्षरे असलेला काळा पडदा, त्यावर ठोकळेवजा मोठी चिन्हे, असे एक दरिद्री दिसणारे विंडोज समोर उभे राहिले. आवाज नाही, छपाई नाही, शाईची चौकशी करणारे कोणी नाही. तांबडा दिवा दोन-चार वेळा लुकलुकला आणि विझला. तो विझलेला पाहून मला जे समाधान झाले, ते अण्णांना मात्र झाले नाही. त्यांनी सवयीने फॉन्टाचा प्रोग्रॅम उघडून पाहिला होता.

“अहो सर, माझा फॉन्ट कुठं गेला? हा म्हणतोय डोंगलच नाही!”

“अण्णा, काही गेलेलं नाही. डोंगलचा ड्रायव्हर आत्ता मुद्दाम उठवलेला नाही, एवढंच. नेहमीसारखं सुरू केलं की परत दिसेल.”

त्यांचा चेहरा निवळला, तरी पुरता नाही. आणि त्यांची धास्ती रास्त होती. म्हणून कोणताही प्रयोग करण्याआधी, यंत्र शांत आहे तोवरच, वीस वर्षांच्या सर्व फायलींची नक्कल एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घेतली. सेफ मोडचा हा उपयोग मी सर्वांत वरचा मानतो. दोष सापडो वा न सापडो, माणसाचे काम सुखरूप बाहेर निघाले पाहिजे.

आता सेफ मोडमध्ये यंत्र नीट चालले, यावरून काय सिद्ध होते? एवढेच, की पेटीतले यंत्र, डिस्क आणि विंडोजचा गाभा हे बहुधा निर्दोष आहेत, आणि अपराधी जो कोणी आहे तो आपण बाहेर थांबवून ठेवलेल्यांपैकी आहे. ‘बहुधा’ हा शब्द मी जपून वापरला आहे. पडद्याचे कार्ड सेफ मोडमध्ये अगदी प्राथमिक काम करते, त्यामुळे ज्या कार्डाला पुरा भार सोसत नाही ते येथे निरोगी भासू शकते; पंख्यात धूळ कोंडून तापणारे यंत्रही हलक्या कामात तापत नाही. याउलट सेफ मोडमध्येही तीच रड असेल, तर प्रोग्रॅमांवरचा संशय सोडून पेटी उघडावी: मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी किनार खोडरबराने हलकेच घासून पुन्हा घट्ट बसवावी, मदरबोर्डावरचे कपॅसिटर डोक्याशी फुगले आहेत काय ते पाहावे, घड्याळ दर सकाळी मागे जात असेल तर तीन व्होल्टांचा सीआर २०३२ हा बटणाएवढा सेल बदलावा, आणि मेमरीची परीक्षा घेणारा मेमटेस्टसारखा प्रोग्रॅम एक रात्रभर चालवावा. विंडोजला अजिबात न उठविता, सीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करणे हाही अशा वेळी उत्तम साक्षीदार होय. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांची क्नॉपिक्स ही सीडी २००० साली निघाली, तेव्हापासून दुरुस्ती करणाऱ्यांच्या पिशवीत अशी एक सीडी असतेच. परक्या प्रणालीखाली यंत्र सुरळीत चालले, तर दोष डिस्कवरच्या विंडोजकडे वळतो. तेथेही अडखळले, तर यंत्राकडे.

येथे साक्ष वाचण्यातली एक सार्वत्रिक चूक सांगितल्यावाचून राहवत नाही. सेफ मोडकडे जाताना ड्रायव्हरांची जी नावे पडद्यावर उमटतात, त्यांत कधीकधी एका नावापाशी येऊन सारे थिजते, आणि एक्सपीच्या काळात ते नाव फार वेळा ‘मप डॉट सिस’ हे असे. हजारो लोकांनी त्या बिचाऱ्या फायलीला दोषी ठरविले, ती पुसली, बदलली. आणि यंत्र पुन्हा तेथेच थांबले, मात्र त्याआधीच्या नावावर. कारण पडद्यावरचे शेवटचे नाव हे सुखरूप आत आलेल्या शेवटच्या पाहुण्याचे असते; उंबरठ्यावर अडखळला तो त्याच्या मागचा, ज्याचे नाव अजून पुकारलेच गेले नव्हते.

अण्णांच्या यंत्रावर पुढची पायरी होती ती दोन थरांच्या मधली. सेफ मोडमध्ये बाहेरचे ड्रायव्हर आणि बाहेरचे प्रोग्रॅम हे दोन्ही थांबलेले असतात, तेव्हा दोहोंपैकी कोण, हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी यंत्र नेहमीच्या रीतीने, सर्व ड्रायव्हरांसह, परंतु बाहेरच्या सेवा आणि स्टार्टअपचे प्रोग्रॅम वगळून सुरू करावयाचे असते. ह्याला क्लीन बूट म्हणतात. एक्सपीत ‘रन’च्या चौकटीत एमएसकॉन्फिग असे लिहिले की एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात सर्व्हिसच्या पानावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सेवा दृष्टीआड करण्याची मुभा आहे, आणि ती घेतलीच पाहिजे, नाहीतर गाभ्यालाच हात लागतो. मायक्रोसॉफ्टच्या सेवा बाजूला सारल्यावर दहा सेवा उरल्या, स्टार्टअपच्या पानावर चौदा प्रोग्रॅम निघाले. ह्या चोवीसही खुणा काढून यंत्र पुन्हा सुरू केले. डोंगल दिसू लागला, फॉन्ट परत आला, तांबडा दिवा विझला. अण्णा प्रथमच खुर्चीला टेकून बसले.

चोवीस जणांत अपराधी एकच असेल, तर तो शोधण्यास चोवीस वेळा यंत्र सुरू करावे लागत नाही. निम्म्यांना आत घ्यावे. दोष दिसला तर तो त्या निम्म्यांत, न दिसला तर उरलेल्या निम्म्यांत. बारा, सहा, तीन असे करीत जास्तीत जास्त पाच खेपांत नाव हाती येते, आणि संशयित दुप्पट झाले तरी खेप एकच वाढते. अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचे उलटलेले पान फाडून त्याच्या कोऱ्या बाजूवर चोवीस नावे लिहिली, आणि आम्ही पहिल्या बारांना आत घेतले. दिवा विझला. दोष नाही, म्हणजे तो उरलेल्या बारांत असला पाहिजे. पहिल्यांना बाहेर काढून दुसऱ्या बारांना आत घेतले. दिवा पुन्हा विझला. खातरजमेसाठी चोवीसही आत घेतले, आणि दिवा लागला तो लागलाच.

ह्या ठिकाणी पुष्कळ लोक हात टेकतात आणि संगणक लहरी आहे असे म्हणतात. पण यंत्राला लहर नसते. त्याच्या उत्तराचा अर्थ इतकाच होता, की अपराधी एक नसून दोघांची गाठ आहे, आणि आपण त्यांना नेमके वेगवेगळ्या गटांत बसविले आहे. अशा वेळी एक गट संपूर्ण आत ठेवून दुसरा निम्मा निम्मा करीत जावयाचा. त्यातला एक सापडला, की त्यालाच आत ठेवून पहिल्या गटाची तीच वाटणी करावयाची. प्रत्येक खेपेला एकच बदल, आणि प्रत्येक खेपेची कैफियत कागदावर: कोण आत, कोण बाहेर, दिवा कसा. बारा खेपा झाल्या. दुपारचा चहा दोनदा आला. आणि पाचाच्या सुमारास कागदावर दोन नावांभोवती वर्तुळे पडली. एक होता अँटिव्हायरस, गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसांसाठी बसविलेला, आणि दुसरा होता बॅकअपचा प्रोग्रॅम, बदललेल्या प्रत्येक फायलीची तत्काळ नक्कल करणारा.

दोघेही आपापले काम इमानाने करीत होते. बॅकअपने एखादी फाइल नकलली, की अँटिव्हायरस ती नवी फाइल तपाशी आणि तपासल्याची नोंद आपल्या रोजनाम्यात करी. रोजनामा बदलला म्हणून बॅकअप त्या रोजनाम्याची नक्कल काढी. नवी नक्कल दिसली म्हणून अँटिव्हायरस ती तपाशी आणि पुन्हा नोंद करी. एकट्याने दोघांपैकी कोणीच यंत्र अडविले नसते. रोजनामा लहान होता तोवर हा फेरा कोणाच्या लक्षात आला नाही. वर्षभरात तो फुगत गेला, आणि ५१२ एमबीच्या त्या म्हाताऱ्या यंत्राला श्वास घेण्यास उसंत उरली नाही. एकालाही काढावे लागले नाही. बॅकअपला सांगितले, की अँटिव्हायरसचे रोजनाम्याचे फोल्डर वगळ. चोवीसही खुणा परत केल्या, यंत्र सुरू झाले, दिवा लुकलुकला आणि विझला. मग शाई पाहणारे, मोडीत गेलेल्या स्कॅनरचा पहारेकरी आणि त्यांच्या जातीचे आणखी पाच अण्णांनी स्वतःच्या हाताने कमी केले.

ज्यांचे यंत्र याहून अलीकडचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. विंडोज ८पासून यंत्र इतक्या वेगाने उठते, की एफ ८ दाबावयास वेळच मिळत नाही. तेथे शिफ्टची कळ धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे, म्हणजे पुढच्या पडद्यांतून सेफ मोडकडे वाट निघते. एमएसकॉन्फिगमध्येही पुढच्या खेपेस सेफ मोडमध्येच सुरू हो, अशी खूण करण्याची सोय आहे. ती मात्र विचारपूर्वक वापरावी, कारण यंत्र सेफ मोडमध्येच अडत असेल, तर तो हुकूम मागे घेण्याइतकेही आत जाता येत नाही, आणि पुन्हा पुन्हा त्याच दारावर धडक बसत राहते. एक्सपीच्या यादीतला, जुन्या चांगल्या स्थितीकडे परत नेणारा ‘लास्ट नोन गुड’ हा पर्यायही असाच जपून वापरावा, कारण तो वेळेवर अवलंबून आहे: नवा ड्रायव्हर बसविल्यावर एकदा का तुम्ही यशस्वीपणे आत गेलात, की जुनी चांगली स्थिती पुसली जाऊन नवी वाईट स्थितीच ‘चांगली’ म्हणून रुजू होते.

कॅलेंडरचे ते पान अण्णांनी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवले. पुढच्या वर्षी, दिवाळी अंकाचे काम ऐन भरात असताना, त्यांचा फोन आला: नवा प्रिंटर जोडला आणि यंत्र पुन्हा अडू लागले. मी येतो म्हणालो, तर पलीकडून शांतपणे उत्तर आले, “नको, सर. सेफ मोडला नीट चालतंय, म्हणजे पेटी चांगली आहे. नक्कल काढून ठेवलीय. आता निम्मे निम्मे करत बसलोय, तिसरी खेप आहे.”